साठ वॉटचा गोळा आणि नऊ वॉटचा दिवा

विजेच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाइकाने साठ वॉटचा गोळा मागितला म्हणजे दुकानदार तो खोक्यातून काढून कानाशी हलवून पाहत असे, आतील तार तुटलेली नाही अशी खात्री पटल्यावर गल्ल्याजवळच्या होल्डरला लावून क्षणभर पेटवून दाखवीत असे आणि मगच पैसे घेत असे. कारण दुकानाची पायरी एकदा उतरल्यावर त्या गोळ्याची जबाबदारी कोणावरच राहत नसे. आज त्याच गल्ल्यावर एलईडी दिवा घेतला तर दुकानदार त्याच्या बुडाशी काळ्या पेनाने तारीख घालून देतो आणि मुदतीच्या आत दिवा बंद पडल्यास त्या तारखेवर बदलून देतो. जो दिवा हजार तासांच्या आसपास जळून संपत असे त्याच्या जागी पंधरा ते पंचवीस हजार तासांची उमेद बाळगणारा दिवा आला आहे, आणि तो घेतानाचा हिशेबही त्यामुळे निराळा करावयास हवा.

जुन्या गोळ्यात टंगस्टनची बारीक तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या तापण्याचा आनुषंगिक परिणाम म्हणून प्रकाश मिळतो; खर्च होणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के प्रकाशाच्या वाट्याला येते, बाकी सारी उष्णता. वैशाखात जेथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर चढतो, त्या सोलापुरात पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ही उष्णता पैसे मोजून ओतून घेणे मला तरी अन्यायाचे वाटते. एलईडीमध्ये तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकाच्या कणातून निळा प्रकाश निघतो, त्याचा काही अंश वरच्या लेपामुळे पिवळ्या प्रकाशात बदलतो आणि दोन्ही मिसळून पांढरा प्रकाश सिद्ध होतो. हा निळा प्रकाश साधणे इतके दुर्घट होते की ते साधणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मधल्या काळातील सीएफएल दिवेही वीज वाचवीत, परंतु त्यांच्या नळीत पारा असतो. म्हणून घरात तसा दिवा अद्याप असेल तर तो फुटू न देता इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्यावा.

आता हिशेब पाहू. साठ वॉटचा गोळा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिटे खातो. तेवढाच, किंबहुना थोडा अधिक प्रकाश देणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्याही आत राहतो. वर्षाकाठी एका दिव्यामागे त्र्याण्णव युनिटांची बचत झाली. येथे एक गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही: वीजबिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात, म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते, आणि त्याबरोबर त्यावरचे वीज शुल्कही वाचते. शिवाय ही वीज येते कोठून? दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. ते दगडी कोळशावर चालते आणि त्याला पाणी उजनी धरणाचे लागते. तेथील वीज अनेक राज्यांत वाटली जाते हे खरे, तथापि ज्या शहराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या शहराने तरी विजेच्या युनिटामागे पाणीही खर्ची पडते याचे विस्मरण होऊ देऊ नये.

जुन्या गोळ्याच्या बाजूने जे बोलले जाते ते सर्वस्वी खोटे मात्र नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील कित्येक घरांत माग आणि संसार एकाच छताखाली नांदतात. चादरीच्या सुतातला तांबडा आणि किरमिजी यांतला भेद जुन्या गोळ्याखाली जसा स्वच्छ कळे तसा हलक्या प्रतीच्या एलईडीखाली कळत नाही. विडी कामगार स्त्री मांडीवर सूप घेऊन तेंदूचे पान कात्रीने बेतते, तेव्हा पानाची शीर आणि चीर तिला नीट दिसलीच पाहिजे. तेथे अंधूक वा निळसर उजेड म्हणजे मजुरीचे नुकसान आणि डोळ्यांचा छळ. यावर उपाय गोळ्याकडे परत जाणे हा नव्हे, चांगला दिवा निवडणे हा आहे. खोक्यावर वॉटच्या आकड्याआधी ल्युमेनचा आकडा पाहावा, कारण वॉट खर्च सांगतो आणि ल्युमेन प्रकाश. रंग ओळखण्याचे काम असेल तेथे, उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा नव्वदच्या आसपास असलेला दिवा मागावा, मग दोन पैसे जास्त पडले तरी चालतील. निजण्याच्या खोलीला २,७०० केल्विनचा पिवळसर उजेड बरा, कामाच्या जागी त्याहून पांढरा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिले असता उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा थरथरतो असे समजावे. चालत्या मागावर असा दिवा लावू नये, कारण त्याखाली फिरते यंत्र थांबल्यासारखे भासू शकते.

आणखी एक सूचना खास आपल्या हवेसाठी. एलईडीचा शत्रू उष्णता आहे. तापलेल्या पत्र्याला चिकटवून किंवा काचेच्या बंद गोलात कोंडून ठेवल्यास त्यातील विद्युत्-भाग अकाली निकामी होतात, आणि मग लोक म्हणतात की हे दिवे टिकत नाहीत. दिवा पत्र्यापासून वीतभर तरी खाली सोडावा.

महागाईची सबब आता उरलेली नाही. केंद्र सरकारच्या ज्या उजाला योजनेचा आरंभ ५ जानेवारी २०१५ रोजी झाला, तिच्यासाठी दिव्याची घाऊक खरेदी आरंभी ३१० रुपयांना होई, ती पुढे ३८ रुपयांपर्यंत उतरली. सारे घर एकदम बदलण्याचीही गरज नाही. ज्या जागी घरातले माणूस सर्वांत अधिक वेळ काम करते, मग ती चूल असो, माग असो की विडीचे सूप, त्या जागेचा दिवा या महिन्यात आधी बदला, आणि दुकानदाराकडून त्याच्या बुडाशी तारीख घालून घ्या.