सड्यावरची फुले आणि जवळचे भिंग

वैशाखात मालवणच्या आसपास कोणत्याही सड्यावर उभे राहिले, तर तापलेला काळा कातळ आणि वाळलेल्या गवताच्या काड्या यांखेरीज काही दिसत नाही. महसुलाच्या भाषेत अशा जमिनीस ‘पोटखराब’ म्हणतात. तिच्यावर चिरेखाण काढावी, नाहीतर सुरुंगाने खड्डे पाडून कलमे लावावीत, एवढाच तिचा उपयोग असे आपण धरून चालतो. परंतु मृग बरसला की याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुले डोलू लागतात. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे सडा निळा-जांभळा करून टाकतात आणि पाणथळ खळग्यांतून गेंदाची पांढरी बोंडे वर येतात. यांतील पुष्कळशी फुले इतकी लहान, की उभ्याने चालणारास ती ठिपक्यांसारखी भासतात. ती भिंगातून जवळून टिपणे हा छंद खराच. पण या जिल्ह्यात त्यास साक्षीचेही मोल आहे, असे आम्हास वाटते.

याचे एक उदाहरण पाहू. भारतीय वनस्पति सर्वेक्षण विभागाने १९८८ साली बी. जी. कुलकर्णी यांचा ‘फ्लोरा ऑफ सिंधुदुर्ग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढी पद्धतशीर नोंद झाल्यावर नवे काही उरले नसेल, असे कोणासही वाटावे. तरी २०२० साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच जिल्ह्यातून गेंदाची एक नवी जाती जगापुढे आणली. तिचे नाव एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम, म्हणजे लहान डोक्याचा गेंद. गेंदाचे बोंड हे एक फूल नसून सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. जाती ठरवण्यास ती फुले आणि बिया तपासाव्या लागतात. केवळ छायाचित्राने ते काम होत नाही. मात्र वाळवलेल्या नमुन्यात ताज्या फुलाचा रंग आणि ठेवण टिकत नाही. ती उणीव छायाचित्र भरून काढते.

आता यातील शास्त्र. फूल जेवढे, तेवढीच त्याची प्रतिमा फिल्मवर किंवा आजच्या कॅमेऱ्यातील संवेदकावर पडली, तर त्यास एकास एक प्रमाण म्हणतात. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगाने हे साधायचे, तर भिंग फिल्मपासून ५० ऐवजी १०० मिलिमीटर दूर न्यावे लागते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. आधीच पावसाळी अंधार, त्यात ही तूट. म्हणून तिपाई हवी. दुसरी अडचण अशी, की या प्रमाणात भिंगाचे छिद्र ११ आकड्यापर्यंत लहान केले, तरी सुमारे सव्वा मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून आधी काय दाखवायचे ते ठरवावे. सीतेच्या आसवांच्या पाकळीवरील शिरांची जाळी दाखवायची, तर कॅमेरा पाकळीशी समांतर धरावा. फुलामागची शेपटीसारखी नळी दाखवायची, तर तो बाजूने लावावा. वारा ही तिसरी अडचण. छत्री आडवी धरली की वारा अडतो आणि कॅमेराही कोरडा राहतो. सावलीच्या बाजूस पांढरा कागद धरला म्हणजे फुलावर सौम्य उजेड पडतो. मोबाइलला छोटे भिंग लावून काम करणारासही हेच नियम लागू आहेत.

पण एक सुंदर चित्र म्हणजे पुरती साक्ष नव्हे. प्रथम संपूर्ण रोप त्याच्या शेजाऱ्यांसह घ्यावे. मग फूल समोरून, बाजूने आणि मागून. एका चित्रात मोजपट्टी ठेवावी. गाव, तारीख आणि जागा कातळाची की पाण्याची, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. सड्याच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून ती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडते. तिला कुंडीत आणून तिचा संसार दाखवता येत नाही. तो सड्यावरच पाहावा लागतो.

म्हणूनच फूल तोडू नये. आडवे पडून एक चित्र घेताना दहा रोपे चिरडतात, हे ध्यानात ठेवून उघड्या कातळावरच पाय द्यावा. दुर्मिळ रोपाची नेमकी जागा चारचौघांत सांगू नये.

एखाद्या सड्यावर खाण काढण्याची गोष्ट ग्रामसभेत निघते, तेव्हा ‘तिथे आहे काय?’ असा प्रश्न येतो. वैशाखात त्याचे उत्तर देणे अवघड. पण गेल्या भाद्रपदातील, तारीख-वार लिहिलेली पंचवीस चित्रे कोणी पुढे ठेवली, तर निर्णय काहीही होवो, तो पाहून-समजून होईल. त्या चित्रांसाठी येत्या पावसाळ्यात आपल्या गावचा एखादा सडा निवडावा आणि मृगापासून पावसाळा सरेपर्यंत दर आठवड्यास तिथे जावे.