एचआयव्ही संसर्गाच्या वाटचालीचे मापन : साध्या रक्ततपासणीची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी सीडी-४ नावाच्या उपगटावर प्रामुख्याने आघात करतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारणतः ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचाराअभावी ही संख्या वर्षानुवर्षे घटत जाते व ती २०० च्या खाली गेली म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य दाहासारखे संधिसाधू आजार बळावतात. म्हणूनच सीडी-४ संख्या हा संसर्गाची वाटचाल जाणण्याचा प्रमुख निकष ठरला. परंतु तिच्या मोजणीची प्रचलित पद्धत फ्लो सायटोमीटर या महागड्या यंत्रावर अवलंबून होती. त्यास खात्रीची वीज, खर्चिक रसायने, कुशल तंत्रज्ञ आणि ताजे रक्त लागते. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या ८ केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. दूरच्या तालुक्यातील रुग्णाच्या दृष्टीने केंद्र लांब आणि यंत्रही लांब. अशा वेळी स्थानिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकावरून काही अंदाज बांधता येईल काय, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता.

पर्यायी निकष :

हा पर्याय म्हणजे एकूण लिम्फोसाइट संख्या. पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येस लिम्फोसाइटच्या टक्केवारीने गुणले की ती मिळते. पांढऱ्या पेशी ४००० आणि लिम्फोसाइट ३० टक्के असल्यास उत्तर १२०० येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत नेमकी हीच मर्यादा धरली होती. सीडी-४ तपासणीची सोय नसेल, रुग्णास सौम्य लक्षणे असतील आणि ही संख्या १२०० वा त्याहून कमी असेल, तर उपचार सुरू करावेत असे त्यात म्हटले होते. लक्षणांची अट येथे निर्णायक होती. लक्षणरहित रुग्णाबाबत हा निकष भरवशाचा मानलेला नव्हता.

त्याचे कारण असे, की हा निकष एकाच दिशेने बोलतो. संख्या १२०० च्या खाली असेल तर सीडी-४ पेशीही बहुधा खालावलेल्या असतात. मात्र ती १२०० च्या वर असली, तरी सीडी-४ पेशी पुरेशा आहेत असे सिद्ध होत नाही. संसर्गात सीडी-४ पेशी घटत असताना सीडी-८ पेशी वाढतात व एकूण बेरीज दीर्घकाळ जैसे थे भासते. क्षयरोग, कुपोषण वा अन्य जंतुसंसर्ग यांनीही बेरीज हलते. चुकीच्या धीराने घरी परतलेला रुग्ण हाच या तपासणीचा खरा धोका होता.

मोजणीतील अनिश्चितता :

लिशमन रंगद्रव्याने रंगविलेल्या काचपट्टीवर ज्यांनी विद्यार्थ्यांकडून पेशी मोजून घेतल्या आहेत, त्या प्राध्यापकांस पुढील अडचण नवी नाही. नेहमीच्या रीतीने १०० पेशी मोजल्या व ३० लिम्फोसाइट आढळले, तर ९५ टक्के विश्वासपातळीस खरे प्रमाण सुमारे २१ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. वरील उदाहरणात १२०० हे उत्तर प्रत्यक्षात ८४० असेल किंवा १६०० असेल! तंत्रज्ञाची चूक यात मुळीच नाही. केवळ नमुना लहान आहे. ४०० पेशी मोजल्यास ही कक्षा सुमारे २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत आकुंचन पावते, पण दिवसाकाठी अनेक पट्ट्या तपासणाऱ्याकडून ही अपेक्षा करणे कठीण. स्वयंचलित पेशीगणक हजारो पेशी मोजत असल्याने ही त्रुटी बरीच कमी करतो; सीडी-८ मुळे येणारा दोष मात्र तोही दूर करू शकत नाही.

प्रौढांच्या बाबतीत २००६ च्या सूचनांतून हा निकष वगळण्यात आला.

बदललेला प्रश्न :

युगांडा व झिम्बाब्वे येथील ३,३१६ रुग्णांवरील डार्ट चाचणीने वेगळीच बाजू पुढे आणली. उपचार चालू असताना नियमित प्रयोगशालेय देखरेख असलेल्या गटात पाच वर्षांनंतर ९० टक्के, तर केवळ लक्षणांवरून देखरेख केलेल्या गटात ८७ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे प्रयोगशाळेचा लाभ होता, तथापि तिच्या अभावी उपचारच रोखून धरणे समर्थनीय नव्हते. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०१७ साली भारताने सीडी-४ संख्या न पाहता सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. उपचारांचे यश आता रक्तातील विषाणूंच्या संख्येवरून जोखले जाते.

यावरून सीडी-४ मोजणी कालबाह्य झाली असा निष्कर्ष काढणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. उशिरा येणारे रुग्ण आजही आहेत. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या रिअॅलिटी चाचणीत सीडी-४ संख्या १०० पेक्षा कमी असलेले जवळजवळ निम्मे रुग्ण लक्षणरहित वा सौम्य लक्षणांचे होते. नुसत्या पाहण्याने ते ओळखू येत नाहीत आणि एकूण लिम्फोसाइट संख्येनेही खात्रीने नाही. सीडी-४ संख्या २०० च्या वर की खाली एवढेच सांगणारी, यंत्राविना वापरता येणारी पट्टी याच गरजेतून विकसित झाली. साध्या रक्ततपासणीकडे उरलेले काम निराळे आहे : हिमोग्लोबिन पाहणे. झिडोव्ह्युडिन या औषधाने रक्तक्षय होऊ शकतो, आणि तो वेळीच लक्षात येण्यास तालुक्याची प्रयोगशाळा पुरेशी आहे.