फाइल उतरली; पण पूर्ण उतरली का?

ऑक्टोबर २०२०. ब्रिटनमध्ये करोनाची दुसरी लाट चढत होती. रविवारी, ४ तारखेला, जाहीर झालेल्या नव्या रुग्णांचा आकडा एकदम २२,९६१ वर गेला. साथ काही एका रात्रीत भडकली नव्हती. त्यातल्या अनेकांचे निदान आधीच झाले होते, पण त्यांच्या नोंदी वाटेतच अडकल्या होत्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले होते.

चूक चाचणीची नव्हती. प्रयोगशाळांचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलमधून ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’कडे येत. तिथे ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात. या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. एकेका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत. त्यामुळे एका फाइलमध्ये जेमतेम चौदाशे रुग्ण बसत आणि पुढचे बाहेर राहत.

रुग्णांना स्वतःचा निकाल वेळेवर कळला. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. करोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण करू शकतो. म्हणून या कामात एकेक दिवस मोलाचा असतो.

हा धोका परदेशापुरता नाही. आज आपल्याकडेही केसपेपर, तपासण्या, लसीकरण यांच्या नोंदी वेब-प्रणालीत होतात आणि अहवालासाठी ‘डाउनलोड’चे बटण दाबून बाहेर काढल्या जातात. अनेक प्रणालींमध्ये या बटणामागची सोपी रीत अशी असते, की सगळ्या नोंदी एकदम सर्व्हरच्या मेमरीत आणायच्या, त्यांची फाइल बांधायची आणि मग पाठवायची. हजार-दोन हजार नोंदींना ती चालते. लाखांवर गेल्यावर मेमरी भरते, ठरलेली वेळ संपते आणि काम मध्येच तुटते. कधी पडद्यावर चूक दिसते. कधी अर्धवट फाइल हाती येते आणि ती पूर्णच वाटते.

उपाय सलाईनसारखा आहे. सगळी बाटली एका दमात शिरेत रिकामी करत नाहीत, थेंबाथेंबाने देतात. तशाच नोंदी हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी वाचाव्यात आणि वाचल्या तशा पुढे पाठवाव्यात. फाइल फारच मोठी असेल तर ती मागच्या बाजूला तयार होऊ द्यावी आणि झाल्यावर वापरणाऱ्याला कळवावे. इंग्लंडमध्येही तातडीचा उपाय म्हणून मोठ्या फाइलचे लहान तुकडेच करण्यात आले.

ओळी पूर्ण आल्या तरी आतले आकडे बिघडू शकतात. ‘आभा’ क्रमांक १४ अंकी असतो. सीएसव्ही फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडली, की तो ‘९.१२ई+१३’ असा काहीसा दिसतो. तशीच ती पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर उरलेले अंक त्या फाइलमधून जातात आणि नोंद कोणाची हेच कळेनासे होते. म्हणून फाइल आत घेतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ ठरवून घ्यावा.

शस्त्रक्रियेत पोट शिवण्याआधी परिचारिका गॉजचे तुकडे मोजते. सुरुवातीला घेतले तेवढे परत आले, तरच टाके पडतात. कितीही अनुभवी सर्जन असला तरी ही मोजणी चुकत नाही. फाइलच्या बाबतीतही हाच नियम हवा. प्रणालीत नोंदी किती आणि फाइलमध्ये ओळी किती, हे दोन आकडे जुळल्याशिवाय अहवाल पुढे जाऊ नये. या मोजणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि गळालेली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस असतो.