फॅशनची उतारवाट

फॅशन जन्मते कुठे, असं विचारलं की लोक मुंबईकडे बोट दाखवतात. पण फॅशन क्वचितच कोरी करकरीत असते. जुनीच वस्तू कुणीतरी नव्या मापानं बेततं. चुडीदार-कुडता आमच्या मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता, पण सैल. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनासाठी तो अंगासरसा बेतला आणि कॉलेजच्या मुलींनी उचलला. साधनाच्या कपाळावरच्या बटांचंही तेच. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’त तिचं रुंद कपाळ झाकायचं होतं. ऑड्री हेपबर्नची केशरचना कामी आली. अडचणीवर काढलेली तोड ‘साधना कट’ म्हणून देशभर गेली.

पसरण्याची वाट ठरलेली होती. आधी पडदा, मग शहर, मग तालुका, शेवटी आठवडे बाजार. सुरगाण्यासारख्या डोंगराळ भागात ती पोचेपर्यंत मुंबई पुढं गेलेली असे. आता मोबाइलनं मधल्या पायऱ्या पुसल्या. सकाळी पाहिलेलं दुपारी शिंप्याला दाखवता येतं.

मग फॅशन मरते का? जर्मन विचारवंत जॉर्ज सिमेल यांनी १९०४ मध्ये याचा उलगडा केला. माणसाला चारचौघांसारखं दिसायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं. सगळ्यांनी घातलं की दुसरी हौस भागत नाही. पहिल्यांदा घालणारेच ते आधी टाकतात. फॅशन जिंकते तेव्हाच संपते.

या खेळात सगळ्यांचा खर्च मात्र सारखा नसतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत राबून आणलेल्या मजुरीतून घेतलेला कपडा फाटण्याआधी ‘जुना’ ठरतो, तेव्हा घामाचे दिवस वाया जातात. आणि गोंदण? इथल्या आदिवासी बायाबापड्यांच्या हाताकपाळावर ते दागिन्यासारखं आहे. मेल्यावर तेवढंच सोबत येतं, अशी श्रद्धा. शाळेत गेलेल्या लेकींना ते गावंढळ वाटू लागलं, त्यांनी सोडलं. आज शहरातली मुलं पैसे मोजून टॅटू काढून घेतात. सुई तीच, कातडी तीच. बदलली ती बघणाऱ्याची नजर.

म्हणून पोरींना मी एवढंच सांगतो, नवं जरूर घाला, हौस हवीच. पण आजीच्या हातावरची नक्षी लाजून झाकू नका. ती कुणाच्या पसंतीसाठी काढलेली नव्हती.