धंदा कोणता, हे विचारणारी डॉक्टर



अमेरिकेतील थोर डॉक्टरांची नावे निघाली की मोठमोठी इस्पितळे आणि नामांकित शस्त्रवैद्य डोळ्यांपुढे येतात. आम्ही ज्या डॉक्टरबाईंची ओळख करून देणार आहोत, त्यांचे खरे काम कारखान्यांत आणि मजुरांच्या खोल्यांत झाले. त्यांचे नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

जन्म १८६९ सालचा. १८९३ साली मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या १८९७ साली शिकागोच्या हल हाऊस या सेवाकेंद्रात राहावयास गेल्या. शेजार सारा परदेशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांचा. १९१० साली इलिनॉय राज्याने धंद्यातून जडणाऱ्या रोगांची पाहणी त्यांच्याकडे सोपविली, तेव्हा त्यांनी शिशाचे विष अभ्यासाला घेतले.

शिसे अंगात भिनले की माणसाची भूक जाते, पोटात कळा येतात, पुढे मनगटे लुळी पडतात. मालक म्हणत, "मजूर हात न धुता जेवतात, त्याला आम्ही काय करणार?" बाईंनी दाखवून दिले की विष मुख्यतः श्वासातून जाते, धुळीतून आणि वाफेतून. मग दोष मजुराच्या हातांचा उरत नाही. धूळ उडू न देणे हे मालकाचे काम ठरते.

पण पुरावा मिळवायचा कसा? न्हाणीच्या टबांना मिन्याचा मुलामा देणारा एक पोलिश मजूर त्यांना लुळ्या मनगटांनिशी आढळला. त्या कारखान्यात गेल्या, तर धोक्याचे काही दिसेना. मग त्यांनी मजुरांचे घर गाठले. तेथे कळले, की त्यांना केवळ शेवटचा हात फिरवण्याचे काम दाखविले होते. लालबुंद तापलेल्या टबावर भुकटी भुरभुरण्याचे खरे काम निराळ्याच जागी चालत होते.

नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश म्हणाले होते, "सिद्ध करा, मी सांगाल ते करीन." बाईंनी २२ रुग्ण पुढे ठेवले, कॉर्निश यांनीही शब्द पाळला. १९११ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला.

१९१९ साली हार्वर्डने त्यांना अध्यापक नेमले. तेथील त्या पहिल्या स्त्री अध्यापक. परंतु पदवीदानाच्या मिरवणुकीत त्यांना स्थान नव्हते, आणि १९३५ साली निवृत्त होतानाही त्या सहायक प्राध्यापकच होत्या. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याविरुद्ध त्यांनी १९२५ सालीच आवाज उठविला. भारतात ते मिसळणे २००० साली थांबले.

आम्ही एकदा एका कारखान्यातील आजारपणाच्या रजेचे अर्ज चाळीत बसलो होतो. एकामागून एक "पोटदुखी", "पोटदुखी". माणूस कोणत्या खात्यात काम करतो, याचा रकानाच त्यात नव्हता. रोग लिहिला होता, रोगाचे घर लिहिले नव्हते. मग आम्हीच घरोघर जाऊन तो रकाना भरला. बहुतेक नावे एकाच खात्याची निघाली.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी बाई वारल्या. साऱ्या अमेरिकेसाठी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा सही होऊन आला तो त्याच साली २९ डिसेंबरला. साठ वर्षांच्या खटपटीला तीन महिने कमी पडले. म्हणून आमचे एवढेच सांगणे, की दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी धंदा विचारला नाही, तर आपण होऊन सांगा.