मनाची औषधं (लेखांक ६) : दुसरी चिठ्ठी

नैराश्यावरच्या गोळ्या मेंदूत काय करतात, ते मागच्या लेखात पाहिलं. आज त्यांच्या त्रासांविषयी लिहायचं आहे. त्यातही सेरोटोनिन सिंड्रोमविषयी जास्त, कारण तो क्वचित होतो, पण वेळेवर ओळखला नाही तर जिवावर बेततो.

४ मार्च १९८४ च्या रात्री न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी आली. ताप, अंगाला झटके, कमालीची तगमग. नैराश्यासाठी ती फेनेल्झीन घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडीन दिलं गेलं. नंतर ती आणखीच बिथरली, तिला बांधून ठेवावं लागलं. पहाटे ताप १०७ अंशांवर गेला आणि सकाळ व्हायच्या सुमारास ती गेली. ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत, हे तेव्हाही माहीत होतं. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. त्यांनी प्रकरण लावून धरलं आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. डॉक्टरांच्या झोपेची चर्चा खूप झाली. औषधांच्या त्या जोडीची मात्र हवी तेवढी झाली नाही, असं मला वाटतं.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं काम झालं की मज्जातंतू ते परत ओढून घेतात, आणि मोनोअमाईन ऑक्सिडेज नावाचं विकर त्याची विल्हेवाट लावतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही आजची नेहमीची औषधं परत ओढून घेण्याची वाट अडवतात. फेनेल्झीनसारखी जुनी औषधं त्या विकरालाच रोखतात. एकच वाट अडली तर शरीर सहसा सांभाळून घेतं. दोन्ही एकदम अडल्या, तर सेरोटोनिन साचत जातं. हाच सेरोटोनिन सिंड्रोम.

दुसरी वाट अडवणारं औषध मानसोपचारातलंच असेल असं नाही. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर आपल्याकडे लिनेझोलिड दिलं जातं, आणि ते याच विकराला थोडंफार रोखतं. क्षयाचा या गोष्टीशी संबंध तसा जुना आहे : नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक, इप्रोनियाझिड, मुळात क्षयासाठी आलं होतं. गुडघेदुखीसाठी दिलेलं ट्रॅमाडोल सेरोटोनिन वाढवतं. कोरड्या खोकल्याच्या कित्येक सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही वाढवतं, आणि ते तर आपण दुकानात नुसतं ‘खोकल्याचं द्या’ म्हणून घेऊन येतो.

लक्षणं बहुधा नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २४ तासांच्या आत दिसतात. जीव घाबरा होतो, दरदरून घाम फुटतो, जुलाब लागतात, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात, हात थरथरतात. नेमकी खूण पायांत सापडते. डॉक्टर तळपाय झटकन वरच्या दिशेने दाबून धरतात, आणि पाऊल आपोआप तालात उडत राहतं. याला क्लोनस म्हणतात. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘हंटर’ निकषांत या खुणेलाच सर्वाधिक वजन आहे. तापावर पॅरासिटामॉल देऊन इथे उपयोग होत नाही, कारण ही उष्णता सतत आखडणाऱ्या स्नायूंची असते.

उपचार आहेत. कारण ठरलेली औषधं तत्काळ थांबवतात, सलाईन आणि लोराझेपामसारखी स्नायू सैलावणारी औषधं देतात. भूक लागावी म्हणून आपल्या घरांत मुलांना जे सायप्रोहेप्टाडीनचं सिरप पाजलं जातं, तेच औषध इथे सेरोटोनिनला अडवायला वापरतात. सौम्य त्रास बहुतेकदा दिवसभरात ओसरतो.

रोजचे त्रास वेगळे. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ होते आणि बहुधा जाते. कामेच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. त्याबद्दल रुग्ण बोलत नाहीत, डॉक्टर विचारत नाहीत, आणि गोळी गुपचूप बंद होते. अचानक बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं सुरू होतं. डोस हळूहळू कमी करावा लागतो. वयस्कर माणूस गोळी सुरू झाल्यावर एकाएकी गोंधळल्यासारखा वागू लागला, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. त्याच्या मनात आत्महत्येचे विचार वाढत आहेत असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं.

हे वाचून कुणी गोळी सोडू नये. ठरलेल्या डोसात एकटी गोळी घेणाऱ्याला गंभीर सेरोटोनिन सिंड्रोम होणं फार दुर्मीळ. धोका असतो तो पहिल्या चिठ्ठीची खबर नसलेल्या दुसऱ्या चिठ्ठीत. आणि ती खबर आपणच दडवतो. हाडांच्या डॉक्टरांनी ‘आणखी काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारलं की बीपीची गोळी सांगितली जाते, साखरेची सांगितली जाते, मनाची गिळून टाकली जाते. सोबत सून किंवा शेजारी असेल तर हमखास. ही लाज कुठून येते ते मला कळतं, पण तिच्यापायी जीव धोक्यात घालण्याइतकी ती मोठी नाही.

तेव्हा एवढं करा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दातांचे डॉक्टर असोत की औषधाचं दुकान, नवं काही घेण्याआधी तो कागद पुढे करा. फ्लुओक्सेटीन बंद करून पाच आठवडे झाले नसतील, तर तेही त्यात लिहा. शरीरातून जायला त्याला काही आठवडे लागतात.