संगणक मध्येच बंद पडतो? आधी कारण शोधा, मग खर्च करा

आज आपल्या वस्त्यांमधील पुष्कळ घरांत टेबलावरचा संगणक आला आहे. कुणी तो एखाद्या कचेरीतून निघालेला जुना माल म्हणून घेतला, कुणी हप्त्याने आणला. त्यावर मुले अभ्यास करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, कुणी टायपिंगची कामे घेऊन घरखर्चाला हातभार लावतात. असा संगणक चालता चालता एकाएकी बंद पडू लागला की घरात काळजी सुरू होते. दुकानात नेला तर "मदरबोर्ड गेला" असे ऐकावे लागते आणि महिन्याचा हिशेब कोलमडतो. वास्तविक पुष्कळदा कारण साधे असते : साचलेली धूळ, सैल झालेली वायर किंवा थकलेली बॅटरी. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी घरीच पाहाव्यात.

सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. यंत्र पुन्हा मिळते, मुलीने महिनाभर खपून लिहिलेला प्रकल्प मिळत नाही.

वहीत नोंद ठेवा

संगणक केव्हा बंद पडतो, हे चार-पाच दिवस वहीत लिहा. किती मिनिटांनी बंद पडला, त्या वेळी काय चालू होते, घरातले दिवे लुकलुकले का, पडद्यावर निळा रंग व इंग्रजी मजकूर आला का, की क्षणात सगळे काळे झाले? या नोंदीतूनच अर्धे निदान होते. समोरचा दिवा मंद किंवा लुकलुकत असेल तर संगणक बंद पडलेला नसून झोपेच्या स्थितीत गेलेला असू शकतो. तो दोष नव्हे, ती सेटिंगची बाब आहे.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. स्टार्टमध्ये नाव टाइप करून ती उघडावी आणि विंडोज लॉग्जमधील सिस्टम पाहावे. तेथे ४१ किंवा ६००८ हा क्रमांक दिसला, तर संगणक नीट बंद न होता अचानक गेला एवढेच कळते, कारण कळत नाही. १०७४ दिसला, तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने तो बंद केला आहे. त्याचे नावही तेथेच असते.

उष्णतेचा त्रास

सुरुवातीला ठीक चालतो, पण व्हिडिओ किंवा खेळ लावल्यावर थोड्या वेळाने बंद पडतो आणि लगेच चालू केला तर आणखी लवकर पडतो, असे असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉसमध्ये गेल्यास तापमान आणि पंख्याचे फेरे बहुधा दिसतात. तेथे काहीही काम चालू नसते. तरीही आकडा ८०-९० दाखवत असेल, तर हवा खेळत नाही असे समजावे.

दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक आणि संगणक एकत्रच असतात. फोडणीची वाफ पंख्यावर बसते, तिला धूळ चिकटते आणि त्याचा थर होतो. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग बाजूचे झाकण उघडा. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्या. पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. प्रोसेसरवरच्या पंख्याची चारही टोके घट्ट बसली आहेत का ते पाहा. एक जरी निसटले तरी यंत्र तापते. आतली पेस्ट वाळून गेली असेल, तर जुनी पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी लावावी. संगणक भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा आणि चालू असताना त्यावर कापड टाकू नये. हे काम घरातील मुलीही उत्तम करू शकतात.

विजेचा त्रास

शेजारी मोटर सुरू झाली, दिवा लुकलुकला आणि संगणक गेला, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा यूपीएसमध्ये असतो. एकदा यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावून पाहा. मग बंद पडणे थांबले तर यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. ती साधारण तीन वर्षांत थकते, उकाड्यात त्याहूनही लवकर. मागची जाड वायर सैल नाही ना, हेही पाहावे.

आतील एसएमपीएस हा डबा २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. त्याचा पंखा फिरत नसेल, करपल्याचा वास येत असेल, तर तो बदलावा. तो डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार काही काळ राहतो. त्याने जीव जाऊ शकतो.

इतर कारणे

निळा पडदा येत असेल तर रॅम पाहावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून संगणक चालवून पाहावा. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकही चालवता येते. चालू होताच चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल, तर पुढचे बटण आत अडकले आहे का ते पाहावे, कारण बटण चार सेकंद दाबलेले राहिले की संगणक बंद होतो. मदरबोर्डवरचे उभे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर मात्र जाणकाराकडेच जावे.

दुकानात जाताना

वहीतील नोंदी कारागिराला दाखवा. कोणती तपासणी केली ते विचारा, काढलेला भाग परत मागा, पावती घ्या. तापून बंद पडणारा संगणक फॉरमॅट केल्याने बरा होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. नवा मदरबोर्ड सुचवला, तर आधी दुकानातला दुसरा एसएमपीएस जोडून संगणक तासभर चालवून दाखवायला सांगा. तेवढ्या एका तासाने मोठा खर्च टळू शकतो.